माळरानातले रविवार

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मी माझ्या सख्ख्या भावाला पाठीमागून तलवारीनं मारलं, त्याची पिशवी काढून घेतली आणि वर हात जोडून म्हणाले, "क्षमा असावी हं, झालंच!" त्या वेळी माझे दोन्ही हात चौगुले गुरुजींच्या तोंडात होते. खालच्या उजव्या दाढेचं रूट कॅनाल चाललं होतं. गुरुजी साक्षीला आहेत, एक्स-रे आहे, वेळ आहे. पण ऐकतंय कोण! निम्मी मिरज 'माळरान' खेळते आणि त्या निम्म्या मिरजेचं म्हणणं एकच, की मारलं ते डॉक्टरीणबाईंनीच.

बातमी आणली कमरूननं. कमरून मुल्ला गेली बावीस वर्षं माझ्या दवाखान्याचं बाहेरचं टेबल सांभाळते. पेशंटना नंबर देते, मला वेळेवर जेवायला लावते आणि माळरानात वेशीवर चहाचं दुकान चालवते. गुरुजी गाल धरून बाहेर पडले तशी ती आत आली.

"डॉक्टर, काय केलासा हे?"

"काय केलं? दाढ वाचवली."

"दाढेचं नव्हं. सन्मतीभाऊंना मारलासा की! माझ्या दुकानासमोर, वेशीपासून दहा पावलांवर. बिचारे दगड उचलायला वाकले होते."

मी हातमोजे फेकले. "मी नाही मारलं. माझ्या बदलीनं मारलं असेल."

"तेच की," कमरून म्हणाली. "बदली म्हंजे तुम्हीच नव्हं?"

या एका प्रश्नानं माझा पुढचा महिना खाल्ला.

माळरान ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हे एक अफाट मोठं जग आहे. त्यात नद्या, डोंगर, बाजार आणि पंचवीस-तीस गावं. गावाच्या वेशीच्या आत कुणी कुणाला हात लावू शकत नाही. वेशीबाहेर मात्र कुणीही कुणालाही, केव्हाही, काहीही कारण नसताना मारू शकतं. मेलेला माणूस पुन्हा वेशीवर उभा राहतो, पण त्याच्या पिशवीत असेल नसेल ते मारणाऱ्याचं होतं. एवढ्या एका नियमावर पाच कोटी माणसं वेडी झालेली आहेत. मीही त्यातलीच, उगाच खोटं कशाला बोलू? दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बसल्यावर मोकळ्या माळावर तलवार फिरवण्यात काय सुख असतं ते दाताच्या डॉक्टरलाच विचारावं.

सुरुवातीला या जगात एक पळवाट होती. समोरून टोळी आली की लोक सरळ खेळ बंद करायचे आणि माणूस हवेत गायब. लुटारूंनी बोंब मारली, की हा कसला न्याय? मग कंपनीनं बदली आणली. आता तुम्ही खेळात नसता तेव्हाही तुमचं पात्र तिथंच असतं. तुमच्यासारखंच चालतं, बोलतं, दगड वाहतं, मारतं आणि मरतं. ते चालवणारी बुद्धी तुमच्याकडूनच शिकलेली असते.

शिकते कशी, तेही ऐका. खेळताना कपाळाला एक पट्टा बांधावा लागतो. आपला हात हलतो त्याच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत त्याची तयारी सुरू झालेली असते आणि ती तयारी डोक्यावर बाहेरून टिपता येते. हे ज्ञान काही आजचं नाही, पाऊणशे वर्षांचं आहे. नवीन इतकंच, की आता हे काम एका पातळ पट्ट्याला जमतं. त्यामुळे पट्ट्याला तुम्ही काय केलं ते तर कळतंच, शिवाय काय करता करता राहिलात तेही कळतं. हात उठणार होता, उठला नाही, हे दोन्ही त्याच्याकडे नोंदलेलं असतं. त्या सगळ्याचा काढा म्हणजे बदली.

समोरचं पात्र माणूस चालवतोय की बदली, हे पूर्वी डोक्यावरच्या दिव्यावरून कळायचं. पण लुटारू दिवा बघून बदल्याच गाठू लागले, म्हणून कंपनीनं दिवाही काढला. फक्त एका गोष्टीत बदलीला मज्जाव आहे. कुणी तुमच्या नावानं पुडकं पाठवलं तर ते तुम्हालाच, पट्टा बांधून, फोडावं लागतं. पहिल्या वर्षी बदल्यांनी लोकांच्या वाढदिवसाच्या भेटी परस्पर बाजारात फुंकल्या होत्या, त्यावरून आलेली ही अक्कल.

आणि ते 'झालंच'? ती माझी चोवीस वर्षांची सवय. सुई टोचायच्या आधी आणि टोचून झाल्यावर माझ्या तोंडून आपोआप निघतं, "क्षमा असावी हं, झालंच!" माळरानात कुणाला आडवं केलं तरी तेच निघायचं. बदलीनं ते इमानदारीनं उचललं. तिकडे मला 'झालंच बाई' म्हणतात, हे मला त्या मंगळवारी कमरूनकडून कळलं.

आता भावाचं सांगते, कारण माझा जीव तिथं अडकला होता. सन्मती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटा, बेळगावला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. आई गेली त्याला तीन वर्षं झाली आणि तेव्हापासून आमचं समोरासमोर भेटणं बंद आहे. भांडण झालं नाही, तेच तर वाईट झालं. आई मिरजेच्या दवाखान्यात होती, मी जवळ होते, तो धारवाडला नोकरीच्या मुलाखतीसाठी गेला होता आणि मी त्याला दोन दिवस फोन केला नाही. तो आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तो काही बोलला नाही. मीही नाही. पुढं क्षमावाणीचा दिवस आला. आमच्यात दशलक्षण पर्व संपलं की वर्षभरातल्या चुकांबद्दल सगळ्यांची क्षमा मागतात. मी कमळाचं चित्र असलेला 'उत्तम क्षमा' असा निरोप दोनशे चौदा जणांना एकदम पाठवला, त्यात सन्मतीही आला. त्याच्याकडून उलट तसलंच एक कमळ आलं. विषय संपला, असं मी धरून चालले.

त्यानंतर आम्हा भावंडांत उरलं ते माळरान. दर रविवारी दुपारी चार ते सहा. नदीपलीकडच्या टेकडीवर आम्ही दोघं एक बस्ती बांधत होतो, आमच्या गावच्या जैन मंदिरासारखी. दगड वेशीबाहेरच्या खाणीतून वाहून आणायचे, वाटेत टोळ्यांशी लढायचं. 'डॉक्टरीण' आणि 'बेळगावकर' अशी आमची पात्रं. बोलणं व्हायचं ते दगडांचं, पावसाचं, टोळ्यांचं. पण व्हायचं. तेवढाही धागा तुटला तर माहेर म्हणावं असं माझं या पृथ्वीवर काही उरणार नव्हतं.

आणि त्याच भावाला मी पाठीमागून मारून ठेवलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत पट्टा बांधून आत गेले. माझी पिशवी फुगलेली. त्यात त्याची छिन्नी, त्याची दोरी, भाकरीचं गाठोडं आणि तळाशी दोन पुडकी. लाल कागदाची, त्याच्या नावाची, माझ्या हातची. राख्या! एक गेल्या वर्षीची आणि एक दोन आठवड्यांपूर्वीची. दोन्ही न फोडलेल्या.

तळपायाची आग मस्तकाला गेली. म्हणजे हा दर रविवारी माझ्याशेजारी उभा राहून दगड रचतो आणि माझी राखी फोडायला याला हात होत नाही? एवढा राग आहे तर बोल ना बाबा! कमरूनला म्हटलं, "बघ, आणि वर मीच खुनी."

"खुनी तर हायसाच," कमरून म्हणाली आणि मला डबा उघडून दिला.

कंपनीला फोन लावला. एका गोड आवाजानं नाव सांगितलं, निनाद.

"निनाद, माझ्या बदलीनं माझ्या भावाला मारलं. तीन वर्षं आम्ही जोडीदार आहोत. हे झालंच कसं?"

"मॅडम, एक तारखेपासून आपलं जग संपूर्ण खुलं झालं आहे. पूर्वी जोडीदारावर हल्ला करता येत नसे. खेळाडूंच्या आग्रहास्तव ते बंधन काढलं आहे. आपल्याला मेल आला असेल."

"मेल कोण वाचतं? पण बंधन काढलं म्हणून लगेच मारायचं? मी तसली बाई नाही."

"मॅडम, बदली आपल्या स्वभावाबाहेरचं काहीही करत नाही."

"मग तिला समजवा."

"समजावू फक्त आपणच शकता, मॅडम. तुम्ही जशा वागाल तशी ती शिकेल."

"निनाद, खरं सांगा, तुम्ही माणूस आहात की तुम्हीही कुणाची बदली आहात?"

"ते सांगण्याची मला परवानगी नाही, मॅडम. आपला दिवस शुभ जावो."

मी फोन आपटला. तो गादीच्या खुर्चीवर पडला म्हणून वाचला.

रविवारी चारला टेकडीवर गेले. बेळगावकर नेहमीप्रमाणे आधीच हजर. एक दगड ठेवायचा, मागं सरून बघायचं, मान तिरकी करायची, अगदी लहानपणापासूनची त्याची ढब.

"सन्मती, मंगळवारचं कळलं का तुला?"

"कळलं की."

"अरे, ती मी नव्हते. माझी बदली होती. मी गुरुजींची दाढ..."

"असू दे, आक्का."

"असू दे काय? तुझी पिशवी माझ्याकडं आहे. ही घे."

"ठेव तिथं. घेतो."

"आणि ती पुडकी? दोन वर्षं झाली. फोडली का नाहीस?"

"राहिलं. असू दे."

आता हे 'असू दे' म्हणजे काय ते तुम्हाला सांगते. कुणी भांडलं तर भांडता येतं, रडलं तर डोळे पुसता येतात. 'असू दे' म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं? दार बंद करून आतून कडी घालतो आणि वर खिडकीतून हसून हात हलवतो. त्या दिवशी पाच वेळा 'असू दे' ऐकलं आणि सहाला पट्टा काढला तेव्हा माझी दातखिळी बसली होती. दाताच्या डॉक्टरची दातखिळी!

दोन दिवसांनी दशलक्षण पर्व सुरू झालं. मी ठरवलं की या दहा दिवसांत बदलीला माणसात आणायची. एकदाच जेवत होते, संध्याकाळी बस्तीत जात होते आणि रोज दुपारी तासभर माळरानात शिरून कुणावरही तलवार न उचलता हिंडत होते. पर्वाचे दिवस, अहिंसेचं व्रत, बदलीलाही तेच वळण लागेल असा माझा हिशेब.

नदीच्या पुलावरच्या टोळीला हे समजलं तेव्हा त्यांनी सण साजरा केला. पहिल्या दिवशी मला दोनदा मारलं, दुसऱ्या दिवशी चारदा. मी हात जोडून उभी. शेवटी त्यांचा म्होरक्याच वैतागला.

"ओ झालंच बाई, उलटं मारा की! असल्यात काय मजा हाय?"

"माझं व्रत आहे."

"मग घरात बसा की व्रत करत! पुलावर कशाला येताय लोकांचा वेळ घालवायला?"

असं म्हणून त्यानं मला अकराव्यांदा मारलं. आणि त्याच दुपारी मी दवाखान्यात असताना माझ्या बदलीनं बेळगावकराला पुन्हा आडवं केलं. खाणीच्या वाटेवर, पाठीमागून. "क्षमा असावी हं, झालंच!" कमरूननं मला ते साग्रसंगीत करून दाखवलं, हात जोडण्यासकट. वेटिंग रूममधले दोन पेशंट हसले. मी त्यांच्या दाताकडे बघून ठेवलं.

पुन्हा निनाद.

"मॅडम, तुमची नोंद पाहिली. या आठ दिवसांत तुम्ही तलवार उचलली नाहीत हे खरं. पण तयारी दिसते."

"कसली तयारी?"

"हात उठण्याआधीची. पुलावरच्या खेळाडूंविरुद्ध थोडी आहे. बेळगावकर यांच्याविरुद्ध मात्र..." तो थांबला. बदली असेल तर थांबायलाही छान शिकलेली होती. "तीन वर्षांत तीनशे बारा वेळा, मॅडम. प्रत्यक्ष हल्ला एकदाही नाही. तुम्ही दर वेळी हात आवरलात. पण जोडीदाराला मारायची मुभा आल्यावर बदलीला आवरायचं कारण उरलं नाही."

"तीनशे बारा? आणि कधी येतं हे? कशानंतर?"

"बहुतेक वेळा एकाच शब्दानंतर. 'असू दे.'"

मी फोन ठेवला. समोर कमरून उभी होती, तिनं ऐकलं होतं.

"डॉक्टर," ती हळू म्हणाली, "तलवार तुम्ही खाली ठेवलासा. पण मनातलं पट्टा वाचतोय की. त्यात त्या बदलीची काय चूक?"

"मग काय करू? त्याला मारायची इच्छा होऊ नये म्हणून गोळ्या घेऊ?"

"त्याला एकदा बोलतं करा."

"तो बोलत नाही!"

"तुम्ही तरी कुठं बोललासा?" असं म्हणून ती पुढच्या पेशंटला हाक मारायला निघून गेली. बावीस वर्षं एकत्र काम केलेल्या बाईला कामावरून काढता येत नाही, हा एक मोठाच त्रास आहे.

क्षमावाणी रविवारी आली. सकाळी बस्तीत गेले. सगळे एकमेकांना हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणत होते आणि मीही म्हणत होते, चौगुले गुरुजींना, त्यांच्या सुनेला, जिचा दात मी गेल्या वर्षी विनाकारण काढला तिलाही. तोंड आपसूक चालत होतं. आणि मधेच मला माझाच आवाज ऐकू आला. 'क्षमा असावी हं, झालंच!' तोच सूर, तीच घाई. समोरच्याला दुखायच्या आत आपण मोकळं व्हायचं. मला लाज वाटली. खरोखर, भर बस्तीत, कान गरम होईपर्यंत लाज वाटली.

घरी आले. फोनवर कमळाचं चित्र तयार होतं, या वेळी दोनशे तीस जणांची यादी. पुसून टाकलं.

चारला टेकडीवर गेले. बेळगावकर दगड रचत होता. भिंत खांद्याएवढी आली होती. आठवडाभर एकट्यानं केवढं काम केलं होतं, मला भरून आलं.

"सन्मती, काम थांबव. मला सांगायचंय."

तो थांबला.

"मी आज क्षमा मागणार नाही. काय केलं ते फक्त सांगणार आहे. मंगळवारी संध्याकाळीच मला कळलं होतं की आई राहत नाही. मी डॉक्टर आहे, रिपोर्ट मला वाचता येत होते. तुझी मुलाखत गुरुवारी दुपारी होती. फोन माझ्या हातात होता. दोनदा तुझं नाव काढलं आणि ठेवून दिला. म्हटलं शुक्रवारपर्यंत आई थांबेल, याची नोकरी तरी होऊ दे. मला कुणी विचारलं नव्हतं, मीच ठरवलं. बुधवारी रात्री आईनं विचारलं, सन्मती आला का? मी म्हटलं, धारवाडहून निघालाय. तासानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, बेळगाव सोडलं. पहाटे तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा म्हटलं, चिकोडी सोडली, आता येतोच. ती दाराकडं बघत राहिली. तू धारवाडला झोपला होतास. तुला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी आईशी खोटं बोलले आणि तुझ्या वाटणीची शेवटची भेट मी खाल्ली."

बोलून झालं. पट्ट्याखाली घाम आला होता. तीन वर्षं दाताखाली धरलेली गोष्ट बाहेर पडली होती आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

त्यानं मान तिरकी केली. "असू दे, आक्का," म्हणाला आणि पुढचा दगड उचलला.

आधी हात शिवशिवला. तीनशे तेरा. पण मग तो तसाच थंड पडला. कारण मी माझ्या भावाला ओळखते. तो सातवीत असताना मी त्याची बॅट त्याला न विचारता शेजाऱ्यांना दिली, तर या माणसानं आठ दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. क्षमेच्या कमळाला तो 'असू दे' म्हणेल. राखीलाही म्हणेल एक वेळ. पण आई दाराकडं बघत राहिली हे ऐकून माझा सन्मती 'असू दे' म्हणणार नाही. दगड तर मुळीच उचलणार नाही.

दुसऱ्या खुनात पुन्हा माझ्याकडं आलेलं त्याचं लाल पुडकं मी पिशवीतून काढून त्याच्या हातात दिलं.

"हे फोड."

"नंतर फोडतो."

"आत्ता फोड. माझ्यासमोर."

"नंतर फोडतो, आक्का."

"सन्मती, फोड म्हणते ना!"

"नंतर फोडतो. असू दे."

तिन्ही वेळा तोच सूर. मी पट्टा ओरबाडून काढला आणि खऱ्या फोनवर खरा नंबर लावला. कितीतरी वेळ वाजल्यावर त्यानं उचलला.

"आक्का? फोन कसा काय आज?"

"तू माळरानात शेवटचा कधी आला होतास?"

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज.

"गेल्या आषाढात."

"चौदा महिने! चौदा महिने मी दर रविवारी तुझ्या बदलीशी गप्पा मारतेय? आणि तू सांगितलं नाहीस? अरे, मी त्या पुतळ्यासमोर आत्ता जीव काढून ठेवला!"

"मी वाट बघत होतो," तो म्हणाला. "म्हटलं, दोन-तीन रविवारांत हिला कळेल. हा सन्मती नाही, कुठाय तो, असं विचारायला फोन येईल. नाही आला. मग मलाच राग आला. जी बोलणी माझ्याशिवाय चालतात त्यांना मी कशाला पाहिजे?"

"म्हणून गप्प बसायचं? एक फोन करता येत नव्हता तुला?"

"तुला आला होता, आक्का? त्या दोन दिवसांत तुला आला होता करता?"

जीभ सवयीनं वळायला लागली होती, क्षमा असावी हं, आणि मी ती चावली. अक्षरशः चावली, रक्ताची चव आली.

"नाही आला," मी म्हटलं. "केला नाही. आता ऐक." आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. रिपोर्ट, मंगळवार, हातातला फोन, तीन वेळा विचारलेला प्रश्न, तीन वेळा दिलेलं खोटं उत्तर. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा फार अवघड गेलं, कारण या वेळी पलीकडे श्वास ऐकू येत होता.

तो ओरडला. इतका ओरडला की बाहेरच्या खोलीतून माझे यजमान डोकावून गेले. तू कोण ठरवणारी? ती माझी आई नव्हती का? नोकरी गेली असती तर गेली असती! तीन वर्षं साठलेलं तो ओकत होता, मधे मधे रडत होता, पुन्हा ओरडत होता. एकदाही 'असू दे' म्हणाला नाही. मी फोन कानाला घट्ट धरून ऐकत राहिले. वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम. हा माझा भाऊ होता.

शेवटी दमला.

"तुझा दवाखाना सोमवारी बंद असतो ना अजून?"

"असतो."

"मग उद्या ये इकडं, जेवायला. माझं भांडून झालेलं नाही. हे फोनवर नाही जमत."

"येते."

"आणि राखी घेऊन ये. खरी. ते कागदाचं पुडकं नको."

सकाळी आठला निघाले. गाडीला स्वतः चालायची मुभा आहे, पण मी ती काढून टाकली आणि हातानं चालवली. म्हैसाळ गेलं, अंकलीजवळ नदी ओलांडली. डिकीत कमरूननं दिलेला खिमा नसलेला, कांदा-लसूण नसलेला, खास आमच्यासाठी केलेला गोड शिरा होता आणि वर तिची ताकीद, की मधेच माघारी फिरलासा तर दवाखान्यात येऊ नका.

साडेनऊला फोन वाजला.

"कुठवर आलीस?" सन्मतीनं विचारलं.

मी आजूबाजूला बघितलं, गावाची पाटी नुकतीच मागं गेली होती. मग म्हटलं, "चिकोडी सोडली."

पलीकडून अगदी हळू, सहा वर्षांनी लहान असलेल्या आवाजात तो म्हणाला, "खरंच?"

मी गाडी वळवली, दीड किलोमीटर मागं गेले, भर उन्हात खाली उतरले आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत गावाचं नाव लिहिलेल्या त्या पाटीशेजारी उभी राहून माझा फोटो काढून त्याला पाठवला.